तिसरं माणूस कोणी आणायचं?

प्राध्यापक : ताई, तुम्ही वकील आहात, म्हणून कायद्यापासूनच सुरुवात करतो. ज्यू धर्मशास्त्रात यिहुद नावाचा एक निर्बंध आहे. नवराबायको, आईबाप आणि मुलं अशी अगदी जवळची नाती सोडली तर कोणत्याही पुरुषाने आणि स्त्रीने बंद जागेत दोघंच राहायचं नाही. स्पर्श झाला का, मनात काय होतं, याची तिथे विचारणाच नाही. दोघंच आत असणं एवढ्यानेच नियम मोडतो. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या नियमसंग्रहात हे येतं : एका पुरुषाने दोन स्त्रियांबरोबरही एकांतात राहू नये, एक स्त्री मात्र दोन पुरुषांबरोबर राहू शकते. त्यावरच्या चर्चांच्या ग्रंथात, तालमूदमध्ये, मग पंडितांनी याचा कीस काढला. दार रहदारीच्या रस्त्यावर उघडत असेल तर तो एकांत धरायचा नाही. तिचा नवरा त्याच गावात असेल तरी बंधन सैल होतं. किती वेळ गेला म्हणजे एकांत झाला? त्याचंही माप आहे, एक अंडं भाजून गिळायला लागतो तेवढा वेळ. बाराव्या शतकात मैमोनिडीझने आणि सोळाव्या शतकात योसेफ कारोने आपापल्या संहितांमध्ये याची स्वतंत्र प्रकरणं केली, आणि कर्मठ ज्यू घरांत ती आजही पाळली जातात. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. हा नियम कोणावर आरोप करत नाही. समोरचा माणूस सज्जन की दुर्जन, हे ठरवायला तो बसत नाही. तो दाराकडे बघतो. दार उघडं आहे का, कोणी न विचारता आत येऊ शकतं का, एवढंच. आपल्याकडे मनुस्मृतीत आई, बहीण, मुलगी यांच्याबरोबरही निर्जन जागी बसू नये असं आहे. १८२६च्या शिक्षापत्रीत स्वामिनारायण संप्रदायाच्या सहजानंद स्वामींनी जवळपास तेच सांगितलं, संकटकाळाची सूट ठेवून. जैन साधूंच्या ब्रह्मचर्याला नऊ कुंपणं सांगितली आहेत. इतक्या निरनिराळ्या लोकांना हजार दोन हजार वर्षं जी गोष्ट जाणवत आली, तिला नुसती जुनाट म्हणून बाजूला सारणं मला बरोबर वाटत नाही.

वकीलबाई : सर, बऱ्याच लोकांना जाणवली म्हणजे ती बरोबर, असं मी कोर्टात म्हटलं तर न्यायाधीश मला खाली बसवतील. आणि सगळ्या ज्यूंना ती सारखी जाणवली असंही नाही. आपले बेने इस्राएल घ्या. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. त्यांच्याकडे तालमूद शेकडो वर्षं नव्हता. तरी ते ज्यू राहिले. पण ते असो. मला या नियमाच्या जन्माबद्दल बोलायचं आहे. तालमूदच सांगतो की दाविद राजाच्या दरबाराने या निर्बंधाची कक्षा वाढवली, अविवाहित मुलीबरोबरचा एकांतही बंद केला, आणि त्याला निमित्त झालं ते राजाच्या मुलीवर, तामारवर झालेल्या बलात्काराचं. ती कथा नीट आठवा. अम्नोन राजपुत्र आहे, तिचा सावत्र भाऊ. तो आजारी पडल्याचं सोंग घेतो. बापाकडून निरोप धाडून तिला बोलावून घेतो, माझ्या डोळ्यांसमोर खायला करून दे म्हणतो. ती करते. मग तो सगळ्यांना बाहेर जायला सांगतो. नोकर बाहेर जातात, कारण सांगणारा राजपुत्र आहे. आणि सगळं झाल्यावर तिला बाहेर काढून दाराला कडी घालायला लावतो, तीही नोकराकडून. आता या कथेतून कोणता कायदा निघायला हवा होता? ज्याच्या शब्दासरशी खोली रिकामी होते, त्याच्यावर बंधन घाला, हा. निघाला कोणता? स्त्री आणि पुरुष दोघंच राहू नयेत, हा. ज्याच्या हातात सत्ता होती तो कायद्यातून अलगद बाहेर पडला आणि तामार आत अडकली.

आपल्या विदर्भातली गोष्ट यापेक्षा वेगळी नाही. २६ मार्च १९७२, देसाईगंजचं पोलीस ठाणं. एक अल्पवयीन आदिवासी मुलगी घरच्या माणसांबरोबर रात्री जबाब द्यायला आली होती. जबाब झाला, सगळे निघाले, तेव्हा पोलिसांनी तिला थांबवलं आणि बरोबरच्यांना बाहेर जायला सांगितलं. तेच वाक्य, सर. बाहेर जा. सत्र न्यायालयात आरोपी सुटले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती असावी. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा १९८३ साली कायदा बदलला. तो कायदा स्त्री-पुरुषांनी अंतर ठेवा असं म्हणत नाही. ताब्यातल्या बाईने संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालयाने तिचं खरं धरून चालावं, असं म्हणतो. तुमचा नियम दाराकडे बघतो. हा कायदा दार कोणी लावलं ते बघतो.

प्राध्यापक : पण केव्हा बघतो? सगळं होऊन गेल्यावर. ती मुलगी सहा-साडेसहा वर्षं एका न्यायालयातून दुसऱ्या न्यायालयात हिंडली. तिथे तिच्या अंगावरच्या जखमा मोजल्या गेल्या, तिचं आधीचं आयुष्य उकरलं गेलं. ठाण्यात बाईला एकटीला थांबवायचंच नाही, एवढा एक नियम खरोखर पाळला गेला असता तर यातलं काहीच सिद्ध करायची वेळ आली नसती. आणि तुमचा आजचा कायदा तरी शेवटी काय करतो? बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही, पोलिसांनी तिच्या घरी जायचं. सूर्यास्तानंतर तिला अटक करायची नाही, आणि अपवाद करायचाच तर महिला अधिकाऱ्याने, तोही न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी घेऊन. ही कुंपणंच आहेत, ताई. नाव फक्त धर्मशास्त्राचं नाही.

तालमूदमध्येच एक गोष्ट आहे, ती सांगतो. नेहार्दिआ गावात काही बंदिवान स्त्रिया सोडवून आणल्या आणि राव अम्राम नावाच्या एका साधुपुरुषाच्या घरी माडीवर ठेवल्या. शिडी काढून बाजूला ठेवली. शिडी अशी की दहा माणसांनाही उचलली नसती. रात्री एक स्त्री माडीवरून गेली, झरोक्यातून तिच्या रूपाचा उजेड खाली पडला, आणि अम्रामने ती शिडी एकट्याने उचलून लावली. निम्म्या पायऱ्या चढला. तिथे पाय रोवून उभा राहिला आणि गावाला ऐकू जाईल असा ओरडला, अम्रामच्या घराला आग लागलीय. शेजारीपाजारी, पंडित, सगळे धावत आले. आग कुठेच नव्हती. पंडित म्हणाले, तू आम्हाला शरमिंदं केलंस. त्याने उत्तर दिलं, अम्रामच्या घराची लाज इथे निघालेली बरी, परलोकात नको. मी वर्गात हे सांगायचो तेव्हा मुलं पहिल्यांदा त्या शिडीच्या वजनावर थांबायची. मला महत्त्वाचं वाटतं ते त्याचं ओरडणं. त्याची विद्या, त्याचं व्रत, दोन्हीही अर्ध्या शिडीपर्यंतच पुरली. पुढे त्याला लोक लागले. स्वतःवर पहारा ठेवण्यासाठी त्याने स्वतः गाव बोलावलं. हा नियम बाईला डांबायला केला, असं तुम्ही म्हणता. इथे तर पुरुष स्वतःला पकडून देतोय.

वकीलबाई : गोष्ट सुंदर आहे. पण माडीवरच्या त्या बाया? कैदेतून सुटून आल्या होत्या, परक्याच्या घरात होत्या, शिडी काढून घेतलेली. त्यांना खाली उतरायचं असतं तर? मध्यरात्री खाली गर्दी जमलेली पाहून त्यांना काय वाटलं? सगळी गोष्ट अम्रामच्या आत्म्याची आहे. त्यांना तोंडच नाही. पुरुषाच्या पावित्र्याची काळजी वाहणाऱ्या नियमांचं हे असंच होतं.

प्राध्यापक : मग तुमच्या अकोल्यातल्याच एका वकिलाचं उदाहरण देतो. किशोरलाल मशरूवाला. मशरूवालांची पेढी अकोल्यात होती, त्यांनी स्वतः काही वर्षं तिथे वकिलीही केली, मग गांधीजींकडे गेले ते कायमचे. १९२७ सालच्या मार्चमध्ये गांधीजींचे चिरंजीव मणिलाल यांचं लग्न किशोरलालभाईंच्या पुतणीशी, सुशीलाबेनशी, अकोल्यातच झालं. म्हणजे गुरूचं नातं होतंच, वर व्याह्यांचं झालं. घरात स्वामिनारायण संप्रदायाचे संस्कार. स्त्री-पुरुषांनी एकमेकांशी वागताना शरीराचं आणि जागेचं अंतर राखलंच पाहिजे, माणूस कितीही थोर असो, हा त्यांचा पक्का विचार. 'स्त्री-पुरुष मर्यादा' नावाचं पुस्तकच त्यांनी लिहिलं. गांधीजींना ही बाहेरची कुंपणं फारशी मान्य नव्हती. ज्याला कुंपण लागतं ते ब्रह्मचर्य अपुरं, अशी त्यांची धारणा. १९४६-४७च्या हिवाळ्यात नोआखालीत त्यांनी आपल्या चुलत नातीला, मनुबेनला, आपल्या बिछान्यावर झोपवण्याचा प्रयोग केला, आपल्या व्रताची कसोटी म्हणून, आणि तो लपवलाही नाही. तेव्हा हा अकोल्याचा वकील उभा राहिला आणि म्हणाला, हे बरोबर नाही. तो आणि नरहरी परीख 'हरिजन' पत्रांच्या संपादनातून बाजूला झाले.

आता मला सांगा, हे धैर्य त्यांना कुठून मिळालं? त्यांना गांधीजी अशुद्ध आहेत असं म्हणावं लागलं नाही. तसं म्हणायची वेळ आली असती तर जीभ रेटलीच नसती, आणि ते त्यांना वाटतही नव्हतं. नियम होता म्हणून त्यांना माणसाची परीक्षा घ्यावी लागली नाही. मर्यादा सर्वांना सारखी, तुम्हालाही, एवढंच म्हणायचं होतं. देशातल्या सगळ्यात वजनदार माणसासमोर हे म्हणता येणं, ही या नियमाची ताकद आहे. तुम्ही म्हणता तो सत्तावाला यातून अलगद सुटतो. इथे तोच पहिला सापडला.

वकीलबाई : हे मात्र मला मान्य करायला हवं. किशोरलालभाईंबद्दल मला आदर आहे. इतक्या जवळच्या माणसाने इतकं स्पष्ट बोलावं आणि बोलून बाजूला व्हावं, हे आपल्या सार्वजनिक जीवनात फार दुर्मीळ आहे. पण पुढचंही बघा. त्या वादात ब्रह्मचर्याची चर्चा झाली, लोकसंग्रहाची झाली, लाखो लोक अनुकरण करतील याची झाली. मनुबेन तेव्हा विशीच्या आतली होती. आई लहानपणी गेलेली, वाढली बा आणि बापूंच्या छायेत. अशा मुलीने नाही म्हणायचं ठरवलं असतं तर ते कुठे उभं राहून म्हणायचं, हा प्रश्न त्या थोर माणसांच्या वादात मध्यभागी आला नाही. १९४७च्या फेब्रुवारीत गांधीजींचे सहकारी ठक्करबापा हैमचरला जाऊन त्यांच्याशी बोलले, त्यानंतर मनुबेननेच थांबवूया असं सुचवलं आणि ते काही काळ थांबलं. म्हणजे शेवटी तोडगाही तिच्याच तोंडून निघावा लागला. नियम मोडला म्हणून तुमचे किशोरलालभाई रागावले, ठीक. पण नियम मोडला नसता आणि तरीही त्या मुलीवर दडपण असतं तर? दार उघडं ठेवून, चार माणसांच्या देखत, एखाद्या मुलीला कितीतरी गोष्टी नकोशा असताना करायला लावता येतात. तुमच्या नियमाला तेव्हा काहीच दिसणार नाही.

आणि जिथे काहीच वाईट घडत नाही तिथे तो काय करतो ते माझ्या अनुभवातून सांगते. मी नवीन वकील होते तेव्हाची गोष्ट. वकिली पुस्तकात शिकता येत नाही. कोर्ट सुटल्यावर, सहा-साडेसहानंतर, सीनियरच्या चेंबरमध्ये ती शिकायची असते. उद्याचा उलटतपास कसा घ्यायचा, कोणता प्रश्न विचारायचाच नाही, अशिलाचं खोटं कसं ओळखायचं, हे सगळं त्या दोन तासांत. माझे सीनियर देवमाणूस होते. सहा वाजले की म्हणायचे, बेटा, तू निघ, उशीर होतोय. त्यांच्या मनात काळजीच होती, शिवाय चार लोक काय म्हणतील हेही. माझ्याबरोबरचे दोन मुलगे साडेआठपर्यंत बसायचे. मला कागद मिळायचे, त्यांना वकिली मिळायची. सीनियरांनी कोणता नियम मोडला? एकही नाही. त्यांनी तो फार निष्ठेने पाळला. त्याची किंमत माझ्या खिशातून गेली.

प्राध्यापक : म्हणून तर मी तुम्हाला रिद्धपूरला घेऊन जाणार आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींभोवती जो समुदाय जमला, त्यात स्त्रिया किती होत्या हे लीळाचरित्र उघडलं की पानोपानी दिसतं. बाइसा, महदाइसा, हिराइसा, आउसा. स्वामींनी स्त्रीला संन्यासाचा अधिकार दिला. विटाळ मानला नाही. देहाच्या नऊ द्वारांतून जसे मळ बाहेर पडतात तसाच तोही एक, अशा अर्थाचं त्यांनी सांगितलं, सातशे वर्षांपूर्वी. महदाइसा प्रश्न विचारायची, तेही इतके की तिच्यामुळे कितीतरी निरूपणं आपल्यापर्यंत पोचली. तीच पुढे धवळे रचते आणि मराठीतली आद्य कवयित्री ठरते. स्वामींच्या पश्चात मंडळी रिद्धपूरला स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्यापाशी आली. पंथाचे पुढचे आचार्य नागदेवाचार्य यांना कोणी संस्कृतात लिहू का विचारलं तेव्हा त्यांनी नको म्हटलं, का, तर त्याने माझ्या म्हाताऱ्या बायांचं नुकसान होईल. ज्ञान कोणाच्या भाषेत ठेवायचं, हे त्यांनी बायांकडे बघून ठरवलं.

याच स्वामींनी आचारधर्मात पुरुष साधकाला स्त्रीबद्दल फार कडक बंधनं घातली आहेत. मद्यापेक्षा ती जास्त मादक, कारण मद्य निदान प्यावं तरी लागतं, असा एका सूत्राचा आशय आहे. आजच्या वाचकाला हे बोचतं, मलाही बोचतं. पण मला वाटतं या दोन गोष्टी एकमेकींना धरून आहेत. ज्या काळात बाईने घर सोडून धर्माच्या मागे जाणंच अब्रूवर बेतायचं, स्वामींभोवती बायका जमतात हाच तेव्हाच्या प्रतिष्ठितांचा मोठा आक्षेप होता, त्या काळात स्त्री-पुरुषांचा एकत्र समुदाय टिकवायचा तर कडक आचार लागणारच. आचार सैल असता तर पहिल्याच अफवेला बाया बाहेर काढल्या गेल्या असत्या. महदाइसाने जे विचारलं ते चारचौघांत विचारलं, म्हणून ते ऐकणारे होते, म्हणून लीळाचरित्र लिहिणाऱ्या म्हाइंभटांना ते टिपता आलं.

इथे मधेच मला, म्हणजे हा संवाद लिहिणाऱ्याला, एक सांगावंसं वाटतं. रिद्धपूरचा दाखला दोन्ही बाजूंनी वापरता येतो आणि वापरलाही जातो. मला त्यात प्राध्यापकांचं म्हणणं अर्धंच पटतं. बाया आत आल्या हे खरं, पण आत येण्याची अट म्हणून त्यांच्याबद्दल जे लिहिलं गेलं ते सातशे वर्षं पाठ होत राहिलं, हेही तितकंच खरं.

वकीलबाई : त्या सूत्राची भाषा बोचते म्हणून तुम्ही पुढे गेलात, मी तिथेच थांबणार आहे. सूत्र कोणाला उद्देशून आहे? पुरुषाला. मग महदाइसाने ते ऐकताना स्वतःला कुठे ठेवायचं? साधक म्हणून ऐकायचं, की ज्याच्यापासून साधकाने दूर राहायचं ती वस्तू म्हणून? तिने या दोन्ही जागी एकाच वेळी बसून धर्म शिकला. ते तिचं मोठेपण. नियमाचं नव्हे.

आता खाली या. ज्यांच्यासाठी हे नियम लिहिले त्यांच्याकडे दार होतं, माडी होती, ओसरी होती, आत माजघर होतं. माझ्याकडे दर्यापूर, मूर्तिजापूर भागातल्या शेतमजूर बाया येतात. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी वावरात जायचं, दिवस बुडताना परतायचं. एका बाईचा जबाब मी घेत होते. मालक म्हणायचा, मजुरी संध्याकाळी ने, एकटी ये, हिशेब करू. मी विचारलं, आजूबाजूला कोणी नव्हतं का? ती म्हणाली, त्या वावरात कोन येते पाह्याले? दार रस्त्याकडे उघडत असेल तर एकांत नाही, असं तुमचे तालमूदचे पंडित म्हणतात. इथे दारच नव्हतं. वर आभाळ, चारी बाजूंनी पऱ्हाटी, आणि तरी यापेक्षा घट्ट कोंडलेली जागा मी पाहिली नाही. ती बाई तिसरं माणूस आणायचं म्हणजे कुठून आणणार होती? बरोबरच्या बाईची अर्धा दिवसाची मजुरी बुडवून?

दवाखान्यात बघा. पुरुष डॉक्टर बाईला तपासतो तेव्हा नर्स आत येऊन उभी राहते. कोणाला अपमान वाटत नाही. ना डॉक्टरला, ना बाईला. का? कारण नर्सचा पगार दवाखाना देतो. साक्षीदाराची व्यवस्था ज्याची सत्ता आहे त्याने करून ठेवलेली आहे. माझ्या सीनियरांना हेच करता आलं असतं. कारकुनाला साडेआठपर्यंत थांबवायचं, त्याला चार पैसे जास्त द्यायचे. त्यापेक्षा मला घरी पाठवणं स्वस्त होतं. एकांत टाळायचे दोन मार्ग आहेत, सर. तिसरं माणूस आणा, नाहीतर दुसऱ्याला घालवा. तुमचा नियम कोणता मार्ग घ्यायचा ते सांगत नाही, आणि जे सांगितलेलं नसतं तिथे नेहमी बाईच घरी जाते.

प्राध्यापक : हा मुद्दा मी आजवर असा मांडलेला ऐकला नव्हता. तो मी खोडणार नाही, उलट त्याला जुना आधार देतो. बौद्ध विनयात दोन नियम आहेत, अनियत म्हणतात त्यांना. उदायी नावाचा भिक्खू एका घरात आडोशाला एका तरुण स्त्रीबरोबर बसलेला विशाखेने पाहिला. विशाखा संघातली नाही, गृहिणी आहे, उपासिका. तिने त्याला तोंडावर सांगितलं, हे शोभत नाही. त्याने ऐकलं नाही. गोष्ट बुद्धापर्यंत गेली आणि नियम झाला : जिच्या शब्दावर विश्वास ठेवता येईल अशा उपासिकेने असं काही पाहून सांगितलं, तर भिक्खूचा अपराध कोणत्या दर्जाचा हे तिच्या सांगण्यावरून तपासावं. म्हणजे तिसरं माणूस एक बाई आहे, आणि तिच्या शब्दाला वजन आहे. आपल्या अकोल्यात घराघरांत बुद्धवंदना होते. हा नियम तिथे कितीजणांना ठाऊक आहे, मला शंका आहे. मला हवा आहे तो नियम असा. साक्षीदार असावा, तो आणण्याचा भार वरच्यावर असावा. मग तर तुमची हरकत नाही?

वकीलबाई : आहे. दोन आहेत. पहिली, साक्षीदार निवडायचा कोणी? बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांचा २०१२चा कायदा या बाबतीत फार विचार करून लिहिला आहे. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, आणि ती करताना आईवडील किंवा ज्याच्यावर त्या लेकराचा विश्वास आहे असं माणूस हजर हवं. जबाब घेणाऱ्या पोलिसाने गणवेशात जायचं नाही. ज्याच्यावर लेकराचा विश्वास आहे! तिसरं माणूस वरच्याने आणायचं, पण निवडायचं खालच्याने. अम्नोनच्या नोकरांनाही साक्षीदार म्हणता आलं असतं. ते घरातच होते. कडी त्यांच्यातल्याच एकाने लावली. २०२४ साली बदलापूरच्या प्रकरणानंतर सरकारने शाळांत कॅमेरे सक्तीचे केले. चांगलं केलं. पण कॅमेऱ्यात काय दिसलं ते पाहणारा खुर्चीवरचाच असेल तर तो तिसरा कसा?

दुसरी हरकत तुम्हाला आवडणार नाही. एकांत हवाही असतो. तुमच्याच यिहुदमध्ये त्याची बाजू आहे. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या परंपरेत लग्न लागलं की वधूवरांना एका खोलीत नेतात, दार लावतात, बाहेर दोन साक्षीदार उभे राहतात, आणि ती दोघं काही मिनिटं पहिल्यांदा एकटी असतात. म्हणजे ज्या शास्त्राने एकांत बंद केला त्यालाच एकांताचं मोल पुरतं ठाऊक आहे. आपण नेमकं तेवढंच विसरलो. २०१५ साली मुंबईत मालवणी पोलिसांनी मढ बेटावरच्या हॉटेलांवर छापा घातला, चाळीसेक सज्ञान जोडप्यांना खोल्यांमधून उठवून ठाण्यात नेलं, सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन म्हणून कलम लावलं. बंद खोली आणि सार्वजनिक ठिकाण! अमरावतीत दुसऱ्या जातीतल्या मुलाशी दोन शब्द बोलायला मुलगी वडाळीच्या बागेत जाते तेव्हा तिला तिसऱ्या माणसाचीच भीती असते. तो तिसरा घरी फोन करणार असतो. तिला तुमचा साक्षीदार वाचवत नाही, पकडून देतो. म्हणून माझं म्हणणं, नियमातून स्त्री-पुरुष काढून टाका. वरचा आणि खालचा ठेवा. गुरू-शिष्य, डॉक्टर-रोगी, मालक-मजूर, पोलीस-जबाब देणारा. मुलगा असो, मुलगी असो. मुलग्यांना तर तुमच्या जुन्या नियमात बहुतेक वेळा कसलंच संरक्षण नाही.

प्राध्यापक : मला हे न्यायाचं वाटतं, पण एक धास्ती वाटते. स्त्री आणि पुरुष कोण, हे बघताक्षणी कळतं. वरचा कोण, खालचा कोण, हे कोण ठरवणार? रोज नव्याने ठरवावं लागेल. आणि ठरवणारा बहुतेक वेळा वरचाच असेल. तो म्हणेल, आमच्यात कसला वरखाली, आम्ही मित्रांसारखे आहोत. गांधीजीही म्हणालेच की, मी हिची आई आहे. मी किशोरलालभाईंचं उदाहरण पुन्हा पुढे करतो ते एवढ्यासाठी. त्यांना गांधीजींशी सत्तेबद्दल वाद घालावा लागला असता तर ते हरले असते. गांधीजींपाशी प्रेमाचं, सत्याचं, आईपणाचं उत्तर तयार होतं. त्यांना ठोकळ नियम मिळाला म्हणून ते उभे राहू शकले. तुम्ही नियम न्याय्य केलात की त्याचा ठोकळपणा जातो, आणि ठोकळपणा गेला की शहाण्या माणसाला पळवाट सापडते. तुमच्या स्वतःच्या चेंबरमध्ये एखादा मुलगा ज्युनिअर असेलच. तिथे वरच्या तुम्ही. तिसरं माणूस निवडायचा अधिकार त्याला दिलाय?

वकीलबाई : आहे एक. बाळापूरकडचा, हुशार आहे. साडेआठपर्यंत बसतो, कारण मला जे मिळालं नाही ते मी त्याला देणारच. बाहेर माझी कारकून बाई असते, पण तिला मी ठेवलंय, त्याने नाही. तुम्ही विचारलंत ते मी त्याला कधी विचारलेलं नाही. विचारलं तर तो लगेच म्हणेल, नको मॅडम, काही गरज नाही. आणि ते नको त्याच्या मनातलं आहे की उद्याच्या ब्रीफसाठी आहे, हे मला कळायला मार्ग नाही, जसा तो तामारच्या काळात नव्हता आणि नोआखालीतही नव्हता. तुम्ही म्हणाल, म्हणूनच न विचारता सगळ्यांना लागू होणारा नियम हवा. पण तो नियम आला तर पुढच्या वर्षी माझ्याकडे दोन अर्ज येतील, एक मुलाचा, एक मुलीचा. त्यातला कोणता घेणं मला स्वस्त पडेल ते मी आत्ताच सांगू शकते, कारण माझ्या सीनियरांनीही तेच गणित केलं होतं.